डुलक्याचा डगला

गुरुवारी आपल्याला मारणार आहेत, हे सांगायला एक शिपाई माझ्याकडे आला होता.

दुपारची वेळ. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, सून वर जेवायला गेलेली. मी मागच्या खोलीत पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर पाठ टेकली होती. चाळीस वर्षं गाद्या-रजया शिवल्यावर माणसाला एवढा हक्क मिळतोच. त्या खोलीत झरोक्यातून उन्हाची एक पट्टी उतरते आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत राहतात. खाली बसायची त्यांना मुळी घाईच नसते. त्यांच्याकडे बघता बघता डोळे कधी मिटतात ते मला आजवर कळलेलं नाही.

तर पायाशी ढीग दबला. कुणीतरी बसलं.

"बाई, जरा सरकता का?"

मी सरकले. बघते तर गुडघ्यापर्यंतचा जाडजूड डगला घातलेला एक माणूस. आत कापूस भरून वरून उभे टाके घातलेला, रजई अंगावर शिवल्यासारखा डगला. डोक्यावर तसलीच कापसाची टोपी, पार नाकापर्यंत ओढलेली. भाला त्यानं भिंतीला टेकवून ठेवला, पायातलं काढलं आणि वाळू झटकायला लागला. एवढी वाळू निघाली, एवढी निघाली, की समोर टेकडी झाली आणि तिच्या पलीकडचं शिलाई मशीन दिसेना. संध्याकाळी सुनेनं दोन सुपल्या भरून बाहेर टाकली. विचारा तिला. ती नाही म्हणेल, पण तिला काहीच लक्षात राहत नाही.

"कोण रे तू?"

"तुमच्या नातीच्या वहीतला. तिसऱ्या रांगेत, डावीकडून सातवा. डुलक्या म्हणतात मला."

मी उठूनच बसले. डुलक्या मला चांगला माहीत होता.

माझी नात कादंबरी लिहीत होती. सहाशे वर्षांपूर्वीची लढाई, एका किल्ल्याला पडलेला वेढा. पण त्यात राजे नाहीत, राण्या नाहीत. राजा फक्त एकदा येतो, तोही लांबून, अंगठ्याएवढा. बाकी सगळं पुस्तक पायदळातल्या माणसांचं. त्यांच्या पायाचे फोड, ओली लाकडं, तीन तीन महिने त्याच भिंतीकडे बघत बसणं. रोज संध्याकाळी मी टाके घालायचे आणि ती वाचून दाखवायची. त्यात हा डुलक्या. रांगेत उभ्याउभ्या भाल्याला टेकून झोपणारा. एकदा तर झोपेतच अख्खी रांग घेऊन दोन कोस चालला होता. तो प्रसंग मी सुचवलेला.

"पान दोनशे चौदा," तो म्हणाला. "भिंतीवरून बाण येतो, डगला फाडून आत जातो. गुरुवारी लिहायचं ठरलंय. सोमवारी वही प्रकाशकाकडे जाणार ना."

"असं कसं मारेल? गुणाची आहे माझी नात."

"गुणाची माणसंच मारतात हो पुस्तकात. आमचा सरदार एवढा शिव्या घालतो, पण त्यानं कुणाला दोनशे चौदाव्या पानावर नेऊन नाही मारलं." त्यानं सुस्कारा सोडला. "बोलून बघा तिच्याशी. तुमचं ऐकेल."

"आमच्या घरात कोण कुणाचं ऐकतं!"

तो बाही चाचपायला लागला. त्याच्या बाहीचा टाका उसवला होता. डाव्या छातीशी डगल्यात खोचून ठेवलेली सुई त्यानं काढली, दोरा ओठांत ओला केला, डोळे मिटले आणि सुई एका दमात ओवली.

मी पुढे झुकून त्याच्या हाताकडे बघायला लागले.

डोळे मिटून सुई ओवणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आमचे हे. म्हणायचे, बघून ओवलं की दोरा लाजतो. सुई कायम डाव्या छातीशी खोचलेली, त्यापायी मी कितीदा टोचून घेतलं असेल. शिवता शिवता डुलकी काढायचे, पण हात थांबायचा नाही. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.

"अहो," म्हणून मी हाक मारली आणि जागी झाले. खोलीत कुणी नव्हतं. तंतू तरंगत होते. ढिगावर पायाशी एक खळगा तेवढा पडला होता, माणूस बसून उठल्यासारखा.

संध्याकाळी नात वरून वही घेऊन आली, तशी मी दोरा तोडता तोडता विचारलं, "गुरुवारी कुणाला मारतेयस म्हणे?"

तिचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"

"तोच आला होता दुपारी. वाळू केली सगळीकडे."

"आजी, प्लीज हं. माझी वही वाचलीस ना तू?"

"चष्म्याशिवाय मला दुकानाची पाटी दिसत नाही, तुझे मुंगीचे पाय कुठले दिसायला? हे बघ, त्याच्याऐवजी सरदाराला मार. कुणाचं काही अडणार नाही."

"असं आवडीनिवडीनं मारता येत नाही गं." ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. लहानपणी हट्ट करायची तशीच बसते अजून. "सरदार पडला तर त्याच्या नावाचा दगड उभा करतात. डुलक्यासारखे हजार पडले, त्यांची नावंसुद्धा कुणी लिहिली नाहीत. त्याला वाचवला तर पुस्तक खोटं होईल. आणि तो का मरतो, हेच तर सगळं पुस्तक आहे. सरदाराच्या डगल्यात नवा पांढराशुभ्र कापूस. याच्या डगल्यात जुन्या गाद्यांचा, दबलेला, गठ्ठा झालेला. बाण सारखेच. सरदाराचा अडतो, याचा आरपार जातो."

मी दोरा ठेवून दिला. "हे कुणी सांगितलं तुला?"

"तू."

"मी?"

ती उठून उभी राहिली, पदर नसताना पदर सावरला आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "जुना कापूस म्हणजे मेलेला कापूस हो ताई! त्यात जीव राहत नाही. नवा भरून घ्या, भिंतीसारखा उभा राहतो बघा!"

घ्या. चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच ऐकवलं होतं मी. आणि ही चिमुरडी तेव्हा मोजायच्या टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. सगळं कानात साठवत होती, आणि सहाशे वर्षं मागे नेऊन ओतलं तिनं ते.

"अगं, ते धंद्याचं बोलणं," मी म्हटलं. "झोपायला नवा कापूस बरा, फुगलेला असतो, आत हवा खेळते. पण सुई टोचून बघ त्याला. सायीत बोट जावं तशी जाते. जुनी गादी शिवताना माझे दाभण वाकलेत. अंगाखाली दबून दबून फळी होते तिची. बाण अडवायचा तर जुनाच हवा."

"काल नवा भिंतीसारखा होता, आज जुना फळीसारखा."

"शपथ."

"तुझ्या शपथा! तुझ्या मामाची गाढवी पोस्टात जाऊन पत्रं टाकून यायची, तेही शपथेवरच सांगितलं होतंस."

"एकदाच गेली होती ती. आणि पेटी उंच होती म्हणून परत आली."

ती हसली नाही. वही छातीशी धरून म्हणाली, "तुला तो जगायला हवाय म्हणून तू कापूस बदलतेयस. कळतं मला. पण तुझ्या सांगण्यावर नाही बदलणार मी. दाखवशील तरच."

आता आली का पंचाईत! आयुष्यभर थापा मारल्या, त्यातली एकही कुणी तपासायला आलं नाही. आणि खरं बोलले तर म्हणे पुरावा आण.

मागच्या गल्लीत नातीची मैत्रीण राहते, मैदानावर मुलांना तिरंदाजी शिकवते. उंचीला ही एवढी, दंड मात्र पैलवानाचे. नातीनं संग्रहालयात पाहिलेल्या जुन्या बाणाचं टोक कागदावर काढून आणलं होतं. मैत्रिणीनं लोहाराकडून तसंच करून घेतलं. ठरलं. बुधवारी दुपारी, मागच्या अंगणात, दोन डगल्यांवर एकेक बाण.

नव्या कापसाचा डगला सोमवारी दिवसभरात झाला. पांढरा, फुगीर, सरदाराला शोभेलसा. जुन्यासाठी दुकानात काही मिळेना. लोकांच्या जुन्या गाद्या आल्या की आम्ही लगेच पिंजायला टाकतो. सून म्हणाली, "तुमच्या खोलीत आहे की एक."

होती. माझ्या पलंगावरची. आमच्या ह्यांनी लग्नाच्या वर्षी शिवलेली. अडतीस वर्षं आम्ही दोघं तिच्यावर झोपलो, पुढची तीन मी एकटी. बोटभर जाडीची राहिली होती. सुनेनं कितीदा म्हटलं असेल, आई, पिंजून देते, नाहीतर पाठ धरेल तुमची. मी हात लावू दिला नव्हता.

मंगळवारी ती मी टेबलावर पसरली. कात्री चालेना. शेवटी कातडं कापायची सुरी आणली. आत कापूस असा नव्हताच राहिला, थरावर थर बसून दाबलेल्या लोकरीसारखा नमदा झाला होता. त्यावर ह्यांचे टाके, तांदळाच्या दाण्याएवढे, ओळीत. आणि मधेच कुठंतरी ओळ हळूच डावीकडे कललेली, वीतभर तशीच जाऊन पुन्हा सरळ झालेली. तिथं डुलकी लागली असणार. सगळ्या गादीत अशा अकरा डुलक्या मोजल्या मी. डगला बेतताना एक कललेली ओळ बरोबर छातीवर आली. मी ती तशीच राहू दिली.

दमून ढिगावर पडले, ती थेट छावणीत पोचले.

किल्ल्याची भिंत आभाळात गेलेली. खाली मैदानभर माणसं बसलेली, हजारो, आणि सगळी आपापले डगले शिवत होती. उन्हात सुया लुकलुकत होत्या, जमिनीवर चांदण्या पडल्यासारख्या. कुणी ओरडत नव्हतं. घोडे उभ्याउभ्या झोपले होते. फाटक्या डगल्यांतून कापूस निघायचा आणि वर वर जाऊन ढग व्हायचा. भिंतीवरचे शत्रूसुद्धा पाय खाली सोडून शिवत बसले होते. एकाचा दोरा संपला तर खालच्यानं रीळ वर फेकलं, त्यानं झेललं, मान हलवली. मी रांगा मोजत गेले. तिसरी रांग, डावीकडून सातवा.

"झालं का काम?" टोपीखालून त्यानं विचारलं.

"उद्या."

"आणि नाही अडला तर?"

"अडणारच."

"तुम्ही अशा ठामपणे बोललात," तो म्हणाला, "की मला भीती वाटते."

जागी झाले ती त्याचीच भीती घेऊन. अडतीस वर्षं अंगाखाली होती गादी, पण बाण कधी मारून पाहिला होता मी तिच्यावर? नाही अडला तर? ह्यांनीच घातलेले टाके फाडून बाण आत गेलेला मी बघायचा, आणि नातीनं तो दोनशे चौदाव्या पानावर कायमचा लिहायचा? मी इकडेतिकडे पाहिलं. सून गिऱ्हाइकाशी बोलत होती. बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं झाकण काढलं आणि डगल्याच्या छातीत, वरच्या कापडाखाली, सरकवून दिलं. वरून चार टाके.

बुधवारी अंगणात जुनं दार उभं केलं, त्यावर दोन्ही डगले टांगले. मैत्रिणीनं तीस पावलं मोजली. पहिला सरदाराचा. तिनं दोरी ओढली, एक बारीकशी शीळ वाजली आणि बाण पांढऱ्या डगल्यात पिसांपर्यंत गेला. मागे जाऊन पाहिलं तर टोक दाराच्या लाकडात रुतलेलं.

"सरदार गेले," सून म्हणाली. ती वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून आली होती, पण एकही काढत नव्हती.

नात ओठ चावत होती. मैत्रिणीनं दुसरा बाण लावला.

टण्ण!

बाण उडाला, गिरकी घेतली आणि सुनेच्या चादरीत जाऊन पडला. एका कावळ्यानं उडता उडता मागे वळून पाहिलं.

"आजी," नात म्हणाली, "कापूस असा वाजतो?"

"फार जुना झाला की वाजतो."

मैत्रीण धनुष्य टाकून खालीच बसली, हसून हसून. नातीनं मात्र डगल्याचे टाके उसवले, आत हात घातला आणि पोचा आलेलं झाकण बाहेर काढलं. त्यावरच्या चित्रातला हसरा मुलगा बरोबर नाकावर चेपला होता. मला वाटलं, आता ही पण हसेल. तिचे डोळे भरले होते.

"म्हणजे तुलाही माहीत होतं ना, अडणार नाही ते?"

"अगं, तसं नाही..."

"राहू दे, आजी. उद्या लिहिते मी." आणि ती घरात जायला वळली.

बाई गं! ज्यांनी टाके घातले त्यांच्यापेक्षा मी बिस्किटाच्या झाकणावर जास्त विश्वास टाकला होता. अशी लाज मला गाढवीच्या पत्रातही वाटली नव्हती.

"थांब," मी म्हटलं. "अजून एक. झाकणाशिवाय."

"आणि आरपार गेला तर?"

"तर मार त्याला. मी चकार शब्द काढणार नाही."

"तुम्ही? चकार शब्द?" सून मागून म्हणाली. पण नात परत आली.

डगला पुन्हा टांगला. दोरी ताणल्याचा आवाज आला, किर्र. मला बाणाकडे बघवेना. मी त्या छातीवरच्या कललेल्या ओळीकडे बघत राहिले. मनात म्हटलं, अहो, आता तेवढे जागे राहा.

धप्प. उशीवर चापट मारावी तसा आवाज.

बाण डगल्यात होता. सगळा बाहेर, टोक तेवढं आत, आणि शेपूट हळूहळू थरथरत होतं. नात धावली. डगला काढून उलटा केला. अस्तर जसंच्या तसं. ती बोट फिरवत गेली आणि एका जागी थांबली. शेवटच्या थराखाली हरभऱ्याएवढा उंचवटा होता. तिथवर येऊन थांबला होता तो.

कितीतरी वेळ ती त्यावर तळवा ठेवून उभी होती. मग तिनं डगला सुलटा केला.

"हे तुझे टाके नाहीत."

"नाहीत."

"ही तुझी गादी आहे? कुणाला हात लावू द्यायची नाहीस ती?" तिचं बोट कललेल्या ओळीवरून डावीकडे गेलं, परत सरळ झालं. "इथं डुलकी लागली होती आजोबांना."

"अकरा आहेत अशा. ही त्यातली मोठी."

ती तिथंच पायरीवर बसली, डगला मांडीवर घेऊन. "परीक्षा होती म्हणून आजोबा गेले त्या दिवशी मी पोचले नाही. पोचले तोवर सगळं आवरलेलं होतं. म्हटलं, निदान एकदा नीट लिहून बघू, माणूस जातो म्हणजे कसा जातो."

"दुपारी जातो," मी म्हटलं. "जेवून, हात धुऊन, गादीवर आडवा होतो. तोंड उघडं टाकतो. मी म्हटलं, घोरताय की काय, आणि कुशीवर वळवायला गेले. एवढंच होतं गं. त्यात बाण कशाला?"

मग ती रडली आणि मीही. मैत्रिणीनं तेवढ्यात चादरीतला बाण काढून चादरीला पडलेलं भोक सुनेपासून लपवलं.

गुरुवारी नातीनं लिहिलं. दोनशे चौदाव्या पानावर बाण येतो, डुलक्याच्या छातीत बसतो आणि तो उताणा पडतो. त्याला वाटतं, आपण मेलो. आता मेलोच आहोत तर म्हणून सवयीनं झोपतो. लढाई त्याच्या अंगावरून निघून जाते. जाग येते तेव्हा रांगेतला सहावा नाही आणि आठवाही नाही. त्यांच्या डगल्यांना कुणाची जुनी गादी मिळाली नव्हती. डुलक्या त्या दोघांच्या सुया काढून घेतो, आपल्या सुईशेजारी डाव्या छातीशी खोचतो आणि घराच्या दिशेनं चालायला लागतो.

"आणि सरदार?" मी विचारलं.

"त्याच्या नावाचा दगड उभा राहिला," ती म्हणाली आणि पान उलटलं.

सोमवारी वही गेली. त्या दुपारी मी ढिगावर पडले. तंतू तरंगत होते. पायाशी ढीग दबला.

बारा दिवस चालून आला होता तो. पायातलं पार झिजलेलं, टोपी कुठंतरी पडलेली, केसांत धूळ. डगल्याचे बंद सोडून त्यानं छाती दाखवली. मधोमध जांभळा डाग, डब्याच्या झाकणाएवढा. "वाचवलंत खरं," तो म्हणाला, "पण दुखतं हो." छातीशी तीन सुया चमकत होत्या. त्यातली एक त्यानं काढली, डोळे मिटले, ओवली. ओवता ओवता मान डावीकडे कलली.

"दमलात का हो?" मी विचारलं.

सुई हातात धरूनच तो ढिगावर कलंडला. या वेळी सरका म्हणून कुणी म्हटलं नाही. मीच सरकले.